दोन विहिणींना बोट लागते

क्रांती जाधवांना गाडी लागायची. मुरुडहून अलिबागला जायचं तरी खिडकीची जागा, हातात लिंबू आणि मांडीवर प्लास्टिकची पिशवी. तहसील कचेरीत भल्याभल्यांना रांगेत उभं करणारी ही बाई एसटीने पहिलं वळण घेतलं की रडवेली व्हायची. त्यामुळे मुलाने, सम्यकने, “आई, तुला आणि नेत्राच्या आईला गोव्याची क्रूझ! दोघींना एकच खोली!” असं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या पोटात सोफ्यावरच लाट उठली.

बोटीची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती विहिणीची. जनीबाई म्हात्रे उरणकडच्या. मिठागरवालं घराणं, आता न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालतात. कोपरापर्यंत बांगड्या, आवाज भोंग्यासारखा. पोरांचं लग्न झाल्यापासून त्या मुरुडला कितीदा आल्या, पण पाण्याच्या ग्लासाला एकदाही तोंड लावलं नाही. दर वेळी “नको, आताच प्यायले.” क्रांतीबाई बौद्ध. न प्यालेल्या पाण्याचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि त्या बाईसमोर ओकायचं? त्यापेक्षा समुद्रात उडी मारलेली बरी.

तयारी जोरात झाली. खाता खाता झोके घेतले की सवय होते, असं नवऱ्याने, रामजींनी, कुठेतरी ऐकलं होतं. त्यांनी बायकोला पोह्यांची बशी देऊन झोपाळ्यावर बसवलं आणि झोका दिला. पोहे रामजींच्या लेंग्यावर परत आले. मग आल्याच्या वड्या आल्या, मनगटाला बांधायचे पट्टे आले, डॉक्टरांच्या गोळ्या आल्या. बोट सुटायच्या आधी एक घ्या आणि उपाशी राहू नका, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. क्रांतीबाईंनी गोळ्या पिशवीच्या तळाशी ‘लागल्या तर असाव्यात’ म्हणून ठेवल्या आणि पोटात काही नसलं तर बाहेर काय येणार, या हिशेबाने सकाळपासून एका आल्याच्या वडीखेरीज चहासुद्धा घेतला नाही.

मे महिना संपत आला होता, वारा उठला होता. बोट मुंबईहून सुटली तशा जनीबाई कठड्याला टेकून ओरडल्या, “त्या बगा आमच्या क्रेनी!” जणू स्वतःच्या हाताने उभ्या केल्या होत्या. मग त्या जेवायच्या हॉलमध्ये शिरल्या आणि ताटात कोळंबी, पुऱ्या, नूडल्स आणि वर केकचा तुकडा घेऊन आल्या.

“इहीनबाय, खावा ना! उपास हाय का?”

“भूक नाही हो.”

“मला काय होत न्हाय. आमी दर्याकाठची मानसं.”

मुरुड काय डोंगरावर होतं? पण क्रांतीबाईंनी तोंड उघडण्याचा धोका पत्करला नाही.

दोघी खोलीकडे जायला लिफ्टमध्ये शिरल्या. दार मिटलं आणि बोट खुल्या पाण्यात आली. जमीन वर गेली, थांबली आणि पायाखालून निघून गेली. क्रांतीबाईंनी पिशवीसाठी चाचपडलं. हाताला लागली ती जनीबाईंची मोत्यांची पर्स, तीही उघडी.

पोट रिकामं असूनही बाहेर बरंच काही आलं.

जनीबाईंनी पर्समध्ये डोकावून पाहिलं. मोबाइल आल्याच्या वडीखाली गेला होता. त्या काहीतरी सणसणीत बोलणार होत्या, पण वास नाकात गेला आणि त्यांचा चेहरा दुधीभोपळ्याच्या रंगाचा झाला. “पला!” एवढंच त्या म्हणाल्या.

खोलीतलं बाथरूम कपाटाएवढं. दोन विहिणी, एक कमोड. आधी जनीबाईंची कोळंबी, मग क्रांतीबाईंचं पित्त, मग केक. एकीने दुसरीचा अंबाडा धरायचा, पाठ चोळायची, मग जागा बदलायची. मानपान कधीच पाण्याबरोबर खाली गेला होता.

शेवटी दोघी फरशीवर भिंतीला टेकून बसल्या. क्रांतीबाईंनी घरून भरून आणलेल्या बाटलीतून चूळ भरली. अंगात त्राण नव्हतं, म्हणूनच बहुधा जीभ सुटली.

“जनीताई, माझ्या घरचं पाणी का पीत नाही तुम्ही?”

जनीबाईंनी डोळे मिटले. “मुताला लागतं.”

“काय?”

“साखरंमुलं. सारकं लागतं. मुरुडशी उरनपरत गाडीत पोरगा, त्याचे दोस्त. कोनाला सांगू, थांबव म्हनून? म्हनून पीतच न्हाय.”

“खरं?”

जनीबाईंनी डोळे उघडले. बोट एकदा डावीकडे जाऊन परत आली. “पयल्या टायमाला दुसरं होतं मनात. खोटं कशाला बोलू? मंग मुताचंच.”

क्रांतीबाईंना राग यायला हवा होता. तो आलाही, चांगला घशापर्यंत. पण त्याच्या मागोमाग हसू आलं, आणि हसता हसता उमासा. त्या कमोडवर वाकल्या. डोकं वर काढून म्हणाल्या, “पहिल्यांदाचं मी विसरणार नाही हां.”

“नका विसरू. बाटली द्या.”

जनीबाईंनी बाटलीला तोंड लावलं आणि गटागटा संपवली. क्रांतीबाई शेवटच्या थेंबापर्यंत बघत राहिल्या. मग मुकाट्याने उठून कमोडची जागा मोकळी करून दिली, कारण आता घाई जनीबाईंना होणार होती.

डॉक्टरांच्या गोळ्या दोघींनी त्यानंतर घेतल्या. उलट्या थांबल्या आणि झोप अशी लागली की गोवा आला, लोक उतरले, फिरून पुन्हा चढले, तरी यांचं घोरणं चालूच.

मुंबईच्या धक्क्यावर सम्यक आणि नेत्रा घ्यायला आले होते.

“कसा होता गोवा?” नेत्राने विचारलं.

“झ्याक!” जनीबाई म्हणाल्या. “मोठ्ठी चर्चं. तुझ्या सासूला तर निगवंना तितून.”

“हो ना,” क्रांतीबाई म्हणाल्या. “पण ऊन फार.”