सात खणांची डबी

"आज मी न्हाय येणार," असं सुंदराबाईंनी जाहीर केलं, तेव्हा कल्याणीने वाद घातला नाही. तिने रिक्षा बोलावली, आईच्या चपला दाराशी ठेवल्या आणि बाहेर जाऊन उभी राहिली. सुंदराबाई पुटपुटत आल्या.

मूत्रपिंडांनी दगा दिल्यापासून लोणी काळभोरचं घर बंद करून त्या लेकीकडे हडपसरला राहत होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. एक हात मशीनला जोडलेला आणि नजर छताकडे. पाटबंधारे खात्यातून अर्धी रजा टाकून कल्याणी शेजारी विणत बसे. हात रिकामे राहिले की तिला आईच्या नळ्यांमधलं रक्तच दिसत राही. सध्या शेजारच्या खाटेवरच्या अख्तरबानूंसाठी टोपी चालली होती. एसीखाली त्या पार गारठून जायच्या.

सामान मात्र पर्सच्या तळाशी, वाट्टेल तसं. टाक्यांना खूण म्हणून लावायच्या कड्या किल्ल्यांत अडकलेल्या, कात्री रुमालात गुंडाळलेली. त्या शुक्रवारी धागा ओवायची जाड सुई हातातून निसटली. कल्याणी खाटेखाली वाकून शोधू लागली, तोच सिस्टर आल्या.

"काय हरवलं?"

"सुई."

"कुणाच्या पायात गेली म्हणजे? सामान सांभाळता येत नसेल तर विणकाम घरी करा."

"अगं बेटी," अख्तरबानू म्हणाल्या, "तुझ्याच ओढणीला लटकली आहे ती."

कल्याणी ओशाळली. सुई, लोकर, सगळं पर्समध्ये कोंबून ती उरलेला वेळ नुसती बसून राहिली.

मंगळवारी मशीन सुरू झाल्यावर सुंदराबाई म्हणाल्या, "पर्स दे इकडं."

त्यांनी स्वतःच्या पिशवीतून सात खणांची डबी काढली. प्रत्येक झाकणावर एकेक वार. कल्याणीने बुधवार पेठेतून गोळ्यांसाठी आणलेली ती डबी त्यांनी आजवर उघडलीही नव्हती. मोकळ्या हाताने त्या एकेक वस्तू पोटावर मांडू लागल्या. लहान कड्या सोमवारात, मोठ्या मंगळवारात, बटणं बुधवारात. सुया आणि कात्री टूथब्रशच्या लांबट डबीत.

"आणि तुझ्या गोळ्या गं?"

"त्या मला पाठ हायेत. तुला तुझ्या सुयांचा पत्ता न्हाय."

अख्तरबानू इतक्या हसल्या, की सिस्टर डोकावल्या. डबी पाहून त्या आल्या पावली परत गेल्या.

तेव्हापासून डबी सुंदराबाईंच्या उशाशी असे. कल्याणीने "मोठी कडी" म्हटलं, की त्या अंगठ्याने मंगळवार उघडून देत. वापरलेली वस्तू परत आली नाही, तर हात पुढे करून तशाच थांबत. छताकडे बघणं कमी झालं. एका शुक्रवारी तर रिक्षा यायच्या आधीच त्या चपला घालून तयार होत्या.

"आज वाद नाही?" कल्याणीने विचारलं.

"टोपीचा शेंडा राहिलाय. तू एकटी काय करणार?"

त्या दिवशी टोपी पूर्ण झाली. अख्तरबानूंनी ती कानांपर्यंत ओढली आणि डोळे मिटून घेतले. सुंदराबाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"कल्याणी, उरलेल्या लोकरीत मोजे होतील का? थंडीत माझे पाय लय गार पडतात."

थंडीला अजून चार महिने होते.  कल्याणीने पायथ्याची चादर बाजूला केली आणि आईच्या तळव्याला मोजायची टेप लावली.

"टाचेपास्नं धर," सुंदराबाई म्हणाल्या. "आखूड न्हाय झाले पायजेत."