सप्त्याला दिलेली बॅटरी

हरिनाम सप्त्यासाठी माझ्या टॅक्सीची बॅटरी मागायला वडील, आबा, स्वतः गावाहून चिंचवडला आले. गावात वीज एक दिवस असायची, दोन दिवस नसायची, आणि कर्णा लावल्याशिवाय हल्ली देवालाही ऐकू येत नाही.

"औंदा गाथा मीच वाचनार हाय," आबा म्हणाले. "तू बी ये एक दिस, खंडू."

बॅटरी दिली. आठवडाभर टॅक्सी उभीच, म्हणजे जायला वेळच वेळ होता. मी चाळीत पत्ते कुटत बसलो.

काल्याच्या दुसऱ्या दिवशी गावचे सोपानराव एसटीने बॅटरी घेऊन आले. "उतरलीया. चार्जिंगला टाक," एवढं बजावून गेले. चार्जिंगचं दुकान पिंपरीत, म्हणजे कितीसं लांब! पण आळशाला गंगा दूर. उद्या बघू म्हणून मी ती तशीच गाडीत बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच समोरच्या वाण्याकडे, घरी जाऊन आबांना तपासून आलेल्या चाकणच्या डॉक्टरांचा फोन आला. आबांच्या छातीत दुखतंय, लगेच पुण्याला हलवा, गावात गाडी मिळत नाही.

सेल्फ मारला. टक्. पुन्हा टक्.

शेजारचा भीमराज रात्रपाळी करून नुकताच येत होता, तो डब्यासकट धावला. पाच जणांनी गाडी हायवेपर्यंत ढकलली. "दुसरा गिअर टाक, भावा, दुसरा!" गाडी नुसत्या उचक्या देत राहिली. शेवटी भीमराजने एका ट्रकवाल्याचे पाय धरले, त्याने दोर बांधून ओढली, तेव्हा इंजिन लागलं. यात दोन तास गेले.

गावात दारापुढे माणसं उभी होती. कुणी पुढे आलं नाही. आबांना ओसरीवर निजवलं होतं, कपाळाला बुक्का लावला होता. मी शेजारी बसलो. रडू येईना. बॅटरीतलं पाणी कमी झालं असेल, एवढंच डोक्यात येत होतं. त्याची लाज वाटली, तीही उशिराच.

सोपानराव जवळ टेकले. "काय आवाज लागला व्हता आबांचा! पार नदीपल्याड ऐकू जायचा. रोज इचारायचे, खंडू आला का?"



बाहेर टॅक्सी धडधडत होती. बंद केली तर पुन्हा लागायची नाही, आणि आबांना घेऊन पुण्याला जायचं होतं, म्हणून चालूच ठेवली होती.

"खंडू," सोपानराव हळूच म्हणाले, "आता बंद कर की ती."

मी उठलो आणि जाऊन किल्ली फिरवली.