चिमट्यावरचं नाव

वाळत घातलेली चादर वाऱ्याने खाली पडली की ती पुन्हा धुवावी लागते, हे त्या चादरीवर झोपणाऱ्याच्या गावीही नसतं. लाँड्रीवालीच्या मात्र ते हाडात मुरलं होतं. हॉटेलच्या चाळीस चादरी रोज तिच्या परसातल्या दोऱ्यांवर चढायच्या आणि वारा सुटला की त्यातल्या सात-आठ मातीत लोळायच्या. तेव्हा चिमटा म्हणजे मधोमध चीर पाडलेली लाकडाची काडी. जाड कापडावर ती बसायची नाही आणि पातळ कापडावर टिकायची नाही.

एके दिवशी तिने उंदराचा मोडका सापळा उघडला, आतली गुंडाळलेली तार काढली आणि दोन चपट्या काड्यांमध्ये बसवली. दाबून सोडली, तर ती तिच्याच बोटाला अशी चावली की नख काळंनिळं झालं. बोट तोंडात धरून ती हसत सुटली. नवरा आवाज ऐकून आला आणि त्याने त्या बोटावर फुंकर घातली.

पुढच्या खोलीत तिच्या धाकट्या दिराचं सुतारकाम चाले. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. ती तो चिमटा घेऊन त्याच्याकडे गेली.

"भाऊजी, याला जरा नीट आकार द्या ना. माझ्या काड्या वेड्यावाकड्या झाल्यात."

मिस्त्रीने तो उलटसुलट करून पाहिला. "पोरखेळ आहे," तो म्हणाला. "पण ठेवा, बघू."

दोन दिवसांत त्याने डझनभर सुबक चिमटे करून दिले. हाताला कसब होतं त्याच्या, ते कशाला नाकारा. तिने ते लगेच दोरीवर लावले. चौथ्या दिवशी एका उशीच्या अभ्र्यावर दोन तांबूस डाग दिसले. तार लोखंडाची, कापड ओलं, तार गंजली होती. गंजाचा डाग पडला की ते कापड कामातून गेलं. मिस्त्रीला सांगावं म्हणून ती अभ्रा घेऊन तशीच पुढच्या खोलीत गेली.

तिथे मिस्त्री आणि तिचा नवरा एका कागदावर वाकले होते. नोंदणी कचेरीचा कागद, वर शिक्का. 'शोध कोणाचा' या रकान्यात मिस्त्रीचं नाव होतं, आणि खाली साक्षीदार म्हणून तिच्या नवऱ्याची सही. शाई वाळलीसुद्धा होती.

"अगं, घरातच तर आहे," नवरा म्हणाला. "दुकान त्याच्या नावावर, म्हणून ते बरं पडतं. तुझं-माझं काय करायचं त्यात?"

"वहिनी, कल्पना काय, कोणालाही सुचते," मिस्त्री म्हणाला. "वस्तू घडवायला हात लागतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडता आलं असतं, तिची जीभ काही लहान नव्हती. पण तिने हातातल्या अभ्र्याची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली आणि ती काखेत दाबली.

"तू कशाला आली होतीस?" नवऱ्याने विचारलं.

"जेवायला चला म्हणायला."

त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप लावलं. हार्डवेअरच्या दुकानातून जस्त चढवलेली तार आणली, चाकूने काड्या तासल्या आणि स्वतःचे चिमटे केले. महिनाभर ते ओल्या कपड्यांवर ठेवून पाहिले. डागाचं नाव नाही. ते तिने साबणाच्या रिकाम्या खोक्यात लपवले. त्या खोक्याला घरातल्या पुरुषांचा हात लागण्याची भीती नव्हती.

मिस्त्रीनेही परीक्षा घेतली बरं का. दुकानात आडवी दोरी बांधली, तिच्यावर कोरं कापड टाकलं, पंखा लावला आणि एकेक चिमटा पाच-पाच हजार वेळा उघडून मिटला. वहीत आकडे लिहिले. फक्त कापड ओलं करून बघावं, हे त्याला सुचलं नाही. सुचणार कुठून? या घरातल्या पुरुषांनी ओला कपडा हातात घेतला असेल तर तो अंग पुसलेला टॉवेल, आणि तोही खुर्चीवर फेकण्यापुरता. मग त्याने तापल्या सळईने प्रत्येक चिमट्यावर आपलं नाव डागलं आणि हॉटेलच्या मोठ्या बाईंशी बोलणं लावलं. चादरी, पडदे, खोल्या, सगळा कारभार त्या बाईंच्या हातात होता. नव्या मजल्यासाठी कोऱ्या चादरी आल्या होत्या. त्या धुऊन वाळत घालायच्या आणि त्यांच्यावर चिमटा दाखवायचा, असं ठरलं. आवडला तर बाई त्याच मालकाच्या बाराही हॉटेलांसाठी तोच घेणार होत्या.

"वहिनी, चादरी तुम्हीच लावा," मिस्त्री म्हणाला. "सवय आहे तुम्हाला."

"शोध तुमचा आहे भाऊजी. तुमच्या हाताने लावा. लोकांनी बघायला नको?"

मिस्त्री फुशारला. निम्म्या चादरी त्याने लावल्या, एकेका चादरीला सहा-सहा चिमटे, नाव बाहेरच्या बाजूला. उरलेल्या निम्म्या तिने मागच्या दोरीवर घातल्या. तिकडे कोणी पाहिलं नाही. दोन दिवस आभाळ भरलेलं राहिलं, चादरी दमटच राहिल्या. तिला झोप छान लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाई आल्या. मिस्त्रीने पहिला चिमटा काढला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. चादरीच्या काठावर दोन डाग. दुसरा काढला, आणखी दोन. बाईंनी स्वतः तिसरा काढला.

"पाणीच खराब असेल," मिस्त्री घाईने म्हणाला. "नाहीतर वहिनींनी साबण बदलला असेल. काय हो वहिनी?"

याचीच ती वाट बघत होती. तिने मागच्या दोरीवरची एक चादर ओढून आणली आणि बाईंच्या हातांवर पसरली.

"पाणी तेच, साबण तोच," ती म्हणाली. "चिमटे माझे आहेत. पहिला चिमटाही मीच केला होता. डाग पडतो हे सांगायला निघाले, तोवर कागदावर यांचं नाव लागलं होतं. म्हटलं, शोध यांचा आहे, तर डागही यांचेच असू देत."

मोठ्या बाईंनी मिस्त्रीकडे पाहिलं. "खरं आहे हे?"

मिस्त्रीने हातातला चिमटा खिशात घातला. मग त्याने होकारार्थी मान हलवली. बाईंनी त्याला तेवढ्यावर सोडलं नाही. त्यांनी ते मोठ्याने म्हणायला लावलं, कुंपणापाशी जमलेल्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आठवड्याच्या आत जुना कागद रद्द झाला आणि नवा तिच्या नावाने निघाला. बाराही हॉटेलांचं काम तिला मिळालं. मिस्त्री दुकान बंद करून बसला. येता-जाता लोक त्याला डागांचं औषध विचारायचे.

नवरा दोन दिवस घरात पाय न वाजवता वावरला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने स्वतः चहा केला आणि तिच्यासमोर आणून ठेवला.

"अगं, घरातल्या माणसाची इतकी शोभा करायची?" तो हळूच म्हणाला. "धाकटा आहे तो तुझ्यापेक्षा. आता झालं ना तुझं समाधान?"

तिने खरंच विचार केला. मिस्त्रीचा पडलेला चेहरा आठवला, आणि तिला छान वाटलं. दया येईल असं तिला वाटलं होतं, पण ती काही आली नाही. मिस्त्री काय, परका. त्याने चोरी केली, सापडला, संपलं. पहिला चिमटा बोटाला चावला तेव्हा त्या बोटावर फुंकर घालणारा माणूस समोर बसला होता. शोध कोणाचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी त्याने खाली सही केली होती.

तिने कप उचलला, एक घोट घेतला आणि परत ठेवला.

"भाऊजींचं झालं," ती म्हणाली. "तुमचं अजून राहिलंय."