रेडिएटरवरचा हात

आमच्या गावात थंडी मोजायला थर्मामीटर लागत नाही. भिंतीलगतच्या, गरम पाणी फिरणाऱ्या रेडिएटरवर तळहात ठेवायचा. चटका बसला तर घर गरम, नाही बसला तर आजारपण आलंच समजा. फार तापलं तर खिडकी उघडायची. मी सगळे हिवाळे असेच काढले.

यंदा कोळशाचं बॉयलरघर बंद झालं. आता डॅन्यूबच्या काठी विजेवरचे मोठे पंप बसलेत. ते म्हणे नदीतली ऊब काढून पाणी तापवतात आणि तेच पाणी साऱ्या इमारतींत फिरतं. वीज माळावरच्या पवनचक्क्यांची. ज्या कोशावा वाऱ्याला जन्मभर शिव्या घातल्या, त्याच्याच जिवावर शेकायचं. दुपारी डोळा लागला की मला नदीच्या तळाशी शाली पांघरून बसलेले मासे दिसतात, माझ्याकडे रागाने बघत. मी त्यांना सांगते, बाबांनो, तुमची ऊब माझ्यापर्यंत पोचलेलीच नाही.

कारण रेडिएटर कोमट. सकाळी कोमट, संध्याकाळी कोमट. आणि घरात माझी तान्ही नात, लेंका. मी तिला दोन लोकरी टोप्या घातल्या, दुपट्यांत गुंडाळलं आणि वरून माझी शाल लपेटली. पोर लालबुंद होऊन रडायची. मानेवर घामोळं उठलं.

आज सकाळी माझी सून झोराना बॅग भरायला लागली.

"आई, मी माहेरी चालले."

"अगं, बाळंतिणीने चाळीस दिवस उंबरा ओलांडू नये. लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, सासूबाई कोबीच्या पानात खिमा गुंडाळावा तशी नात गुंडाळून शिजवत होत्या."

एरवी मला हसू आलं असतं. पण मुलगा परदेशात कामाला. या दोघी गेल्या की घरात मी आणि भिंती.

"हात लावून बघ तरी," मी म्हणाले. "याला काय रेडिएटर म्हणायचं? मेलाय मेला."

"पाणी कोमट असलं तरी दिवसरात्र फिरतंय, खोली गरम आहे, आई. तुम्ही स्वतः बिनबाह्यांच्या झग्यात उभ्या आहात. अनवाणी."

मी खाली पाहिलं. खरंच होतं.

"मग सारखा तिथे हात कशाला ठेवता?"

मी खरं तेच सांगितलं. "तुझे सासरे बॉयलरघरात कोळसा ओढायचे. इथे चटका बसला की मला कळायचं, तिहोमीर उभा आहे, हातात फावडं आहे. त्या कोळशानेच छाती खाल्ली त्याची. पण तो गेल्यावरही चटका बसतच होता गं. मला वाटायचं, अजून कामाच्या पाळीवरच आहे. या नदीला काय माहीत तिहोमीर कोण?"

झोराना थांबली. तिने लेंकाची शाल काढली, टोप्या काढल्या, दुपटी सोडली. पोर नुसत्या झबल्यात राहिली. मग माझा हात रेडिएटरवरून उचलून तिने बाळाच्या मानेखाली सरकवला.

"बाळ गार पडलंय का, ते इथे बघायचं."

मान उबदार होती, जरा ओलसर. हाताखाली श्वास चाललेला जाणवत होता. रडणं हळूहळू मुसमुसण्यावर आलं, मग तेही थांबलं.

"हात काढू नका, झोपतेय ती," झोराना म्हणाली.

मी हात काढला नाही. तिहोमीर गेल्यानंतर पहिल्यांदाच मला रडू फुटलं. झोराना बॅगेतली झबली काढून एकेक कपाटात ठेवायला लागली.