धक्क्यावरची वाट

"मांड्या जाड होतात," मिग्योंगनं कालवात सुरी खुपसत निकाल दिला. "आमच्या शहरातल्या मामेबहिणीच्या झाल्या ना! शिवाय उन्हानं तोंड रापतं ते वेगळंच. मग लग्न जुळवणारी बाई दारात तरी येईल का?"

"तुझ्या दारात न रापताच कुठं येतेय?" मी म्हणाले, आणि शेडमधल्या सगळ्या बायका हसल्या.

विषय माझ्या सायकलीचा होता. कालवं फोडायच्या या शेडमध्ये मला सात वर्षं झाली होती आणि मालकिणीनं मला मुकादमीण व्हायला सांगितलं होतं. अट एकच. रोज पहाटे साडेपाचला शेडचं कुलूप मी उघडायचं. एक दिवस उशीर झाला की किल्ल्या दुसरीच्या हातात.

आमच्या गावातून शेडकडे दोन वाटा. एक डोंगरावरून, दगडी पायऱ्यांची, सव्वा तासाची, आणि अंधारात तर चढवतच नाही अशी. दुसरी धक्क्यावरून, सपाट, सायकलीनं वीस मिनिटांची. पण धक्क्यावरून पहाटे होड्या सुटतात, आणि समुद्रावर निघालेल्या पुरुषाला बाई आडवी गेली की होडी बुडते, हे आमच्याकडे रांगतं पोरही सांगेल. म्हणून बायका मुकाट डोंगर चढतात. सायकल काही पायऱ्या चढत नाही. मांड्या, ऊन, लग्न ही सगळी सांगायची कारणं. सोलमध्ये ऑलिम्पिक भरणार म्हणून रेडिओ कानीकपाळी ओरडत होता आणि आमच्या गावात एकाही पोरीला सायकल येत नव्हती, ती या धक्क्यापायी.

मला तर त्या वाटेचं नावही नको होतं. चौदा वर्षांपूर्वी बाबा जेवणाचा डबा घरीच विसरले. आई डबा घेऊन धक्क्यावर धावली. होडी सुटली होती. आई धक्क्याच्या कडेनं होडीच्या पुढ्यातून हाका मारत पळत राहिली, पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. ती होडी परत आली नाही. चार माणसं गेली. होडी थाक तांडेलांची, आणि त्या चौघांत बाबांबरोबर तांडेलांचा धाकटा भाऊही होता. एकोणपन्नासाव्या दिवसाचं श्राद्धाचं जेवण व्हायच्या आत गावानं ठरवून टाकलं की दोक्सिमच्या आईनं चार घरं बुडवली. दोक्सिम म्हणजे मी.

आईनं कुणाला उलटून एक शब्द विचारला नाही. तेरा वर्षं डोंगर चढून शेडमध्ये गेली, आणि यंदाच्या हिवाळ्यात तिचे गुडघेच बसले. तेव्हापासून ती घरी होती. बाबांचा डबा फडताळात वरच्या फळीवर असायचा. ती तो रोज पुसायची, पण त्यात कधी भाताचं शीत घातलं नाही.

"मी मालकिणीला नाही म्हणून सांगणार आहे," त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं.

ती उठली. लंगडत परसात गेली आणि बाबांची गंजलेली सायकल ओढत घेऊन आली. माशाचं तेल चोपडून चोपडून तिनं साखळी फिरती केली. दुसऱ्या दिवसापासून शाळेमागच्या सुकल्या शेतात माझी शिकवणी सुरू झाली. आई बांधावर बसून ओरडायची.

"पुढं बघ! चाकाकडं काय बघतेस?"

"तुला तरी येते का सायकल?"

"पोहता कुठं येतं मला? तरी तुला शिकवलंच ना!"

तेरा दिवसांत मी नऊदा पडले, आणि तेराव्या संध्याकाळी मालकिणीकडून किल्ल्या घेऊन आले. चौदाव्या पहाटे सायकल बाहेर काढली, तर आई डोक्याला रुमाल बांधून, काखेत गाठोडं मारून उभी. काही न विचारता ती कॅरिअरवर बसली.

उजाडायच्या बेतात होतं. धक्क्यावर सात होड्या लागल्या होत्या. खलाशांनी आम्हाला पाहिलं आणि जाळ्यांवरचे हात थांबले. थाक तांडेल वाटेत आडवे आले. त्यांच्या मुठीत मीठ होतं, दृष्ट काढायला फेकतात ते.

"दोक्सिमची आई! चार माणसं खाऊन पोट भरलं नाही का तुझं? हो मागं!"

मी ब्रेक दाबून एक पाय खाली टेकला. आई उतरली नाही.

"मीठ जपून वापरा तांडेल, मासळीला लागेल," ती म्हणाली. आवाज मुळीच चढला नव्हता. "माझ्या पायांनी होडी बुडली नाही. तिचं इंजिन दोन दिवस खोकत होतं. माझ्या नवऱ्यानं तुम्हाला सांगितलं होतं, तुमच्या भावानंही सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, एवढी एक खेप होऊ द्या. तुमचाही भाऊ गेला म्हणून मी चौदा वर्षं गप्प बसले. आता माझ्या पोरीची वाट अडवू नका."

इंजिनाचं मला तोवर ठाऊक नव्हतं. संतापानं माझे कान तापले. थाकांच्या होडीवरचा एक म्हातारा खलाशी मान खाली घालून जाळं आवरू लागला. त्यालाही ठाऊक असावं. तांडेलांची मूठ मिटलेलीच राहिली. मीठ काही उडालं नाही.

"चल ग," आईनं माझ्या पाठीत बोट खुपसलं. "किल्ल्या तुझ्याकडं आहेत."

मी पायडल मारलं. मागं बघायची माझी छाती नव्हती, पण इंजिनं ऐकू आली, एकामागून एक. साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना मी कुलूप उघडलं.

आई आपल्या जुन्या जागेवर बसली आणि कालवं फोडू लागली. मिग्योंगला राहवेना.

"मांड्या दुखतात का ग?" तिनं हळूच मला विचारलं. "आणि शिकायला किती दिवस लागले?"

दुपारी सगळ्या जेवल्या, पण आई खिडकीशी समुद्राकडे तोंड करून बसून होती. भुशिराला वळसा घालून होड्या परतू लागल्या. सातवी धक्क्याला लागली तशी तिनं गाठोडं सोडलं. आत बाबांचा डबा होता, भात आणि किमचीनं भरलेला. भात गार झाला होता. तिनं तो शीतही न सांडता संपवला, नळाखाली डबा घासला आणि बाकीच्या बायकांच्या डब्यांशेजारी पालथा घातला.