सहावा बोल्ट

चौथा बोल्ट पान्याखाली आधी मऊ लागला आणि पुढच्याच क्षणी त्याचं डोकं जुसोहच्या हातात आलं. बाकीचा तुकडा होडीच्या इंजिनात रुतून बसला.

"तुटला?" बाकावर बसलेल्या माक तेहने विचारलं.

"तुटला. खाऱ्या पाण्यातलं इंजिन, एखादा मोडणारच."

"मोडू दे. पण परवा आमच्या ह्यांना माकूळ धरायला जायचंय. घरी बसून माझं डोकं खातायत."

जुसोह हसला. तुकड्यावर नट ठेवून त्याने तो वेल्डिंगने सांधला आणि गरम असतानाच कडेला मेणबत्ती टेकवली. मेण आट्यांत झिरपलं. मग पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा थोडं पुढे. पंधरा मिनिटांत तुकडा मुकाट्याने बाहेर आला. या कामात त्याचा हात धरणारा किनाऱ्यावर कोणी नव्हता. शिकवलं होतं पाक दाने. हे दुकान आधी त्याचंच.

पाचवा बोल्ट निमूट निघाला. सहाव्यापाशी जुसोहने पाना खाली ठेवला आणि फडक्याला हात पुसू लागला. हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला.

हा बोल्ट त्याच्या ओळखीचा होता. अठरा वर्षांपूर्वी, पाक दाकडे नवा असताना, त्याने तो घाईत मोडला होता. मोडलेलं डोकं गोंदाने जागच्या जागी चिकटवलं, वर रंग मारला आणि तोंडातून ब्र काढला नाही. तेव्हापासून ईशान्येचा वादळी वारा सुटला की दुकान बंद करण्याआधी तो धक्क्यावर जाऊन यायचा. माक तेहच्या नवऱ्याची निळी होडी दिसली तरच त्याला घास गोड लागे. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर त्या माणसाचं काय, हा विचार त्याला कधी सोडून गेला नाही. पण सांगवलंही नाही. आधी कामावरून काढतील म्हणून, आणि पुढे, इतकी वर्षं गप्प का बसलास असं विचारतील म्हणून.

आज तर सोपं होतं. डोकं हातात आलं की पुन्हा 'तुटला' म्हणायचं, झालं.

"माक तेह, हा बोल्ट खोटा आहे. नुसतं डोकं चिकटवलेलं. मीच चिकटवलं होतं, कामाला लागलो त्या वर्षी."

माक तेह बाकावरून उठून इंजिनापाशी आली.

"आणि आमचे हे यावर समुद्रात जात होते?"

"हो."

"लाव पाना."

त्याने पाना लावला. बोल्ट फिरला. एक वेढा, दोन वेढे, आणि अख्खा लांब बोल्ट अलगद बाहेर आला. अंगाला जुनं ग्रीस लागलेलं. मोडका तुकडा कोणीतरी कधीच काढला होता आणि भोकात तारेचे नवे आटे बसवलेले होते, अगदी नीटस.

जुसोह तो बोल्ट हातात धरून खालीच बसला.

"त्याच वर्षी पाक दा एकदा आमच्या घरून इंजिन उचलून घेऊन गेला होता," माक तेह आठवत म्हणाली. "तू रजेवर होतास बहुतेक. ग्रीस लावायचं विसरलो म्हणाला. यांनी त्याला चांगलंच सुनावलं होतं." मग तिने जुसोहकडे नीट पाहिलं. "मेल्या, आजवर घाबरत होतास होय?"

त्याच सुमारास पाक दाने कुठून तरी एक भंगार इंजिन आणलं होतं आणि महिनाभर जुसोहला त्यातले मोडके बोल्ट काढायला बसवलं होतं. का, ते जुसोहला आज कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाक दा नेहमीच्या टपरीवर नासी दागांगचा भात खात बसला होता. आता त्याला ऐंशी झाली होती. जुसोहने बोल्ट त्याच्यापुढे ठेवला.

"पाक दा, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्हाला कळलं तरी कसं?"

पाक दाने बोल्ट बोटांत फिरवून पाहिला.

"त्या दिवशी माझ्या घरी तू ताटातला भात तसाच टाकून उठलास. एरवी माशाचा काटासुद्धा चाटून ठेवणारा तू. म्हटलं, पोराने इंजिनात काहीतरी करून ठेवलंय."

त्याने आपलं ताट जुसोहकडे सरकवलं. अर्धा भात आणि माशाचं कालवण अजून शिल्लक होतं.

"घे. आज तरी संपव."

जुसोह खायला बसला.