नावाडी घरी येतो

“शुनकाका, आधी जेवून घ्या, मग बोलू,” असं दिग्दर्शिका म्हणाली आणि बातमी चांगली नाही हे मोक शुननं ओळखलं. चित्रपटाच्या धंद्यात चांगली बातमी उपाशीपोटी सांगतात. वाईट असेल तरच आधी जेवायला घालतात.

तरी तो जेवला. भात, भाजलेलं बदक, वर थोडी पालेभाजी. ही हुई नावाची मुलगी वयानं त्याच्या लेकीसारखी, पण सेटवर तिचा शब्द शेवटचा. ती समोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती आणि हातातल्या चॉपस्टिक्स नुसत्याच भातात खुपसत होती. जेवण झाल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली. ज्यावरून हा चित्रपट निघतोय त्या पुस्तकात दोन म्हातारे आहेत. एक नावाडी, म्हणजे शुनची भूमिका; तो राजपुत्राला धुक्याच्या नदीपलीकडे असुरांच्या नगरात नेतो. दुसरे तलवार शिकवणारे गुरुजी. दोघं कमी बोलतात, दोघं राजपुत्रावर जीव टाकतात. वाचताना चालतं, पण पडद्यावर कोण कुठला ते लोकांना कळेनासं होतं. म्हणून लेखकानं आणि तिनं मिळून दोघांचा एक केला.

“मग माझं काम वाढलं की,” शुन म्हणाला.

“वाढलं काका. बरंच वाढलं. पण गुरुजी मध्यावर मरतात ना.”

“आणि नावाडी शेवटी घरी जातो.”

“हो. पण एकच माणूस दोन्ही कसं करणार?”

मग हुईनं त्याला सगळं समजावलं आणि अगदी मनापासून समजावलं. कथेचा सांगाडाच तसा असतो म्हणाली. सुरुवातीला कुणीतरी बोट धरायला लागतं आणि मध्यावर तेच बोट सुटायला लागतं. त्याशिवाय राजपुत्र पेटत नाही, पुढचा सगळा भाग लुळा पडतो. शेवटी राजपुत्र स्वतः नाव वल्हवत परत येईल, एकटा. पोरगा शिकला, हे न बोलता दिसेल.

वाईट एवढंच होतं की तिचं बरोबर होतं. आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या शुनला ते पटलंसुद्धा. तरी त्यानं एकदा विचारून पाहिलं.

“बाई, नुसता जखमी करा ना. लंगडत येईन शेवटी. कोपऱ्यात दिसलो तरी पुरे.”

हुईनं मान खाली घातली. “मग लोक रडणार नाहीत, काका.”

आता मरण्याचं शुनला काय कौतुक? त्यानं पोटापाण्यासाठी दुसरं केलं काय होतं? राजवाड्याच्या दारावरचा पहारेकरी, खाणावळीतलं पहिलं गिऱ्हाईक, दरोडेखोरांच्या टोळीतला मागचा माणूस. बाण लागून, विष पिऊन, छपरावरून पडून, कधी नुसताच कुणाच्या तरी पायाखाली येऊन तो मेला होता. हाँगकाँगातल्या निम्म्या लोकांनी त्याला मरताना पाहिलं असेल आणि त्यातल्या एकालाही त्याचं नाव सांगता आलं नसतं.

पडद्यावर मेलेल्या माणसाला लगेच लाल पाकीट द्यायचं, ही तिथली रीत. अपशकुन अंगाला चिकटू नये म्हणून. त्यातले पैसे घरी न्यायचे नाहीत, वाटेतच खर्चायचे. शुन त्या पैशांची दाण्यांची चिक्की घ्यायचा. मग शेक किप मेईतल्या सरकारी इमारतीत, आपल्या दाराबाहेर उभा राहून हाक मारायचा, “पाणी!” त्याची बायको लायखून पपनसाच्या पानांचं उकळलेलं पाणी घेऊन यायची. उंबऱ्याबाहेरच त्याचं तोंड, हात, मान धुवायची. कानामागं खोटं रक्त हमखास राहायचं, तिथं ती फडकं जरा जोरातच घासायची. ते झालं की मगच आत घ्यायची. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना उठता-बसता ‘मेल्या’ म्हणायच्या. लायखूननं शुनला तसं कधी म्हटलं नाही. ती म्हणायची, “हा तसाही आठवड्यातून एकदा मरतोय, अजून तोंडानं कशाला म्हणू?”

पण तिनं त्याचा एकही चित्रपट पाहिला नव्हता. “मी बघत बसू आणि तू मरशील,” ती म्हणायची. “ज्यात तू शेवटी आपल्या पायांनी घरी येशील ना, त्याला ने मला.”

आणि नेमका असा चित्रपट आला तो ह्या पुस्तकावरचा. हे पुस्तक लायखूनला तोंडपाठ होतं. तरुणपणी ती केसांचे टोप बनवायच्या कारखान्यात होती, तेव्हा ती कथा रोज वर्तमानपत्रात यायची. तिचा आवाज खणखणीत, म्हणून मुलींनी तिला वाचायला बसवलं होतं. ती वाचायची आणि बाकीच्या तिच्या वाटणीचे केस गाठून द्यायच्या. शेवटच्या भागात नावाडी नाव बांधतो, वर बघतो, तर त्याच्या झोपडीत दिवा लागलेला असतो. ते वाचलं त्या दिवशी सगळा कारखाना रडला होता, असं ती सांगायची.

शुनला नावाड्याचं काम मिळालं, तोवर लायखून अंथरुणाला खिळली होती. फुप्फुसं कामातून गेली होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ दोघांनाही कळला होता. तरी बातमी ऐकून ती उशीला टेकून बसली. फाँगवहिनीला, म्हणजे शेजारणीला, हाक मारून सांगितलं. व्हरांड्यातल्या झाडून सगळ्या घरांना सांगितलं. तपासायला येणाऱ्या नर्सला विचारलं, चित्रपटगृहात चाकाची खुर्ची जाते का? जांभळं कापूस भरलेलं जाकीट ट्रंकेतून काढून घेतलं आणि समोरच्या खिळ्याला टांगायला लावलं. ते घालून ती जाणार होती.

हे सगळं माहीत असताना बायकोला काय सांगायचं? नदीवरच्या शूटिंगहून बसनं घरी येताना रोज शुन मनात शब्द जुळवायचा आणि दारात आला की ते गिळून टाकायचा. ‘नावाडी मरतोय’ एवढे दोनच शब्द, पण त्याच्या तोंडून ते निघेनात.

मग तो दिवस आला. वेतांच्या बेटात, गुडघाभर पाण्यात, नावाडी-गुरुजींच्या छातीत बाण घुसला. शुन मेला आणि काय सुंदर मेला. एका हातानं त्यानं नावेचा दोर सोडला नाही. ते कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं. हुई डोळे पुसत आली. व्यवस्थापकानं दोन्ही हातांनी लाल पाकीट दिलं, सगळ्यांनी शुभ शुभ म्हटलं. शुननं ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

चिक्कीच्या दुकानाशी त्याचे पाय थांबले. चिक्की नेली तर तिला कळणार. तो पुढे गेला. दाराशी आला. पाणी मागितलं तरी कळणार. आत फाँगवहिनी भांडी आवरत होती, पाणी द्यायचं काम आता तिच्याकडे होतं. शुन उंबऱ्याबाहेर उभा राहिला, अंगावर मरण तसंच, खिशात पाकीट तसंच. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. बूट काढले आणि न धुता आत गेला.

घरात औषधी तेलाचा उग्र वास भरला होता. लायखून जागीच होती.

“आज काय केलंस?”

“नाव वल्हवली.”

“कुठवर?”

“वेतांच्या बेटापर्यंत.”

“म्हणजे आज गुरुजी मेले असतील.”

“मेले.”

“कोण करतंय गुरुजींचं काम?”

“आहे एक म्हातारा,” शुन म्हणाला. “बरा मरतो.”

लायखून इतकी हसली की तिला ठसका लागला. शुननं तिची पाठ चोळली. मग तिनं आणखी विचारलं आणि शुन सांगत गेला. बाण लागल्यावर गुरुजी कसे पडले, त्यांनी दोर कसा सोडला नाही, आणि आपण नावाडी, काठावर उभे राहून ते कसं बघत होतो. राजपुत्राला आपण नावेत कसं ओढून घेतलं. पुढचं तर झालंच नव्हतं, तेही त्यानं सांगितलं. कधी नाही ते त्याला शब्द सुचत होते. लायखून डोळे मिटून ऐकत होती.

“दिवा ठेवलाय ना शेवटी?” तिनं विचारलं. “तो नाही ना काढला त्यांनी?”

“नाही. दिवा आहे.”

“इकडे ये. घामानं काय झालंय तुझं.”

उशाशी वाडगं होतं. त्यात फडकं बुडवून तिनं त्याचं तोंड पुसलं. मग हात, मान. हाताला जोर नव्हता, मध्येमध्ये थांबावं लागत होतं. कानामागं मात्र तिनं बराच वेळ पुसलं. शुन लहान मुलासारखा मान वाकवून बसला होता आणि आपली थाप पचली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकत होता.

थंडी पडली आणि लायखून गेली.

अंत्यविधीला शुन भांबावून गेला. शवपेटीत कसं पडायचं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पेटीबाहेर जिवंत माणसानं कुठं उभं राहायचं, हे त्याला कुणीतरी दंडाला धरून दाखवावं लागलं. ओळखीतले, धंद्यातले लोक आले, तीनतीनदा वाकले आणि गेले. हुई आली होती. तिनं काही बोलायचा प्रयत्न केला, पण तिला रडूच आलं. शेवटी शुननंच तिची समजूत घातली.

घरी आला तर फाँगवहिनी पपनसाच्या पाण्याचं घमेलं घेऊन दाराशी उभी. ते बघितलं आणि इतका वेळ स्वतःला आवरून धरलेला शुन उंबऱ्याबाहेर मटकन खाली बसला.

“मला नको धुऊ, वहिनी. त्या दिवशी मी मरून आलो आणि न धुता आत शिरलो. पाकीटसुद्धा खर्चलं नाही, अजून कोटात आहे. मीच आणलं हे घरात.”

फाँगवहिनीनं घमेलं खाली ठेवलं.

“न धुता कुठले हो भावजी? तिनं धुतलं ना तुम्हाला. त्या वाडग्यात काय साधं पाणी होतं? तुम्ही शूटिंगला गेलात की रोज मला पानं उकळून ठेवायला लावायची. त्या तेलाच्या वासात तुम्हाला कळलं नाही, एवढंच.”

शुनचा हात आपसूक कानामागं गेला.

“म्हणायची, हे लोक पुस्तक आहे तसं थोडंच ठेवणार आहेत. नावाड्याला मारतील. आणि हा मला सांगायचा नाही.”

“मग बोलली का नाही मला?”

“मीही तेच विचारलं तिला. म्हणाली, उभ्या जन्मात ह्याला एवढं मोठं बोलायचं काम पहिल्यांदा मिळालं होतं, मी मध्ये कशाला थांबवू?” वहिनीनं सदऱ्याच्या बाहीनं डोळे टिपले. “तुम्ही फार छान केलंत म्हणाली. तो दोराचा भाग तर तिला फार आवडला होता. आता उठा. पाणी निवतंय.”

चित्रपट नववर्षाच्या सणात लागला. हुईनं पहिल्या खेळाचं आमंत्रण पाठवलं होतं, शुन गेला नाही. गर्दी ओसरल्यावर एका दुपारी त्यानं लाल पाकीट कोटातून काढलं, त्यातल्या पैशांचं तिकीट घेतलं आणि उरलेले दारातल्या भिकाऱ्याला दिले. जांभळं जाकीट मांडीवर घेऊन तो आत बसला.

नावाडी पहिल्याच दृश्यात आला. केवढा मोठा दिसत होता. मागच्या रांगेतल्या बाईनं आपल्या मुलाला सांगितलं की हा म्हातारा चांगला आहे, हा त्याला मदत करणार. शुननं जाकिटावरून हात फिरवला. नाव धुक्यातून निघाली. नावाड्यानं राजपुत्राला काठी धरायला शिकवलं, तलवार धरायला शिकवलं, एकदा तर हसवलंसुद्धा. मग वेतांचं बेट दिसायला लागलं.

शुन उठला. लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत, माफी मागत, तो रांगेतून बाहेर पडला. दारावरच्या मुलीनं त्याला अडवलं.

“आजोबा, अजून अर्धा आहे. खरी मजा आता आहे.”

“माझा नावाडी घरी निघालाय,” शुन म्हणाला. तिला काही उमगलं नाही, पण तिनं दार उघडून धरलं.

इमारतीशी पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती. खाली उभं राहून त्यानं वर पाहिलं. त्याच्या खिडकीत दिवा होता. निघताना भर दुपारी त्यानंच तो लावून ठेवला होता.

व्हरांड्यात फाँगवहिनी भेटली. आज तो कुठे गेला होता ते तिला ठाऊक होतं. तिनं हळूच विचारलं, “पाणी आणू का, भावजी?”

“नको, वहिनी. आज जिवंत आलोय.”

त्यानं बूट काढले आणि सरळ आत गेला. जाकीट पुन्हा खिळ्याला लावलं, नीट टांगलं गेलं का ते पाहिलं. दिवा त्यानं तसाच राहू दिला.